अकरावा धडा आज घेऊ नका

नाही हो मॅडम, तक्रार कसली, तक्रार करायला मी कोण — उलट आभार मानायला कधीच यायला हवं होतं, पण आलेय ती भलत्याच कामाला, म्हणून तर वर्ग सुरू व्हायच्या आधी अर्धा तास गाठलं तुम्हाला. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. नवऱ्याला वाटतंय मुलीच्या दाताची काळजी — पुढचा दात हलतोय ना तिचा — मीही म्हटलं, हो, दाताचीच. दात कसला. अकरावा धडा. मंगळवारी दहावा संपला ना तुमचा? सासूबाई घरी येऊन सांगत होत्या, "दहा झाले, आता गुरुवारी अकरावा," आणि ज्या उत्साहानं सांगत होत्या ना, त्या उत्साहानंच मला इथवर आणलं. तर म्हटलं, विचारून बघावं — दहावरून एकदम बारावर नाही का जाता येणार? बारावा फार छान आहे. सोपा आहे. मीच लिहिलाय. अकरावाही मीच लिहिलाय म्हणा, तीच तर अडचण आहे.

ओळखलंत ना मला? त्या खिडकीजवळच्या, पाचव्या खुर्चीवर बसतात ना, पिशवीत स्वतःची उशी घेऊन येतात — त्यांची सून. आणि ही माझी लेक, सहा वर्षांची. आज तिच्या शाळेला सुट्टी, म्हणून बरोबर आणावं लागलं. तिथे कशाला हात लावू नकोस गं, फळ्यावर काढ हवं तर चित्र, पण निळ्यानं, लाल पेन मॅडमचं आहे. काढू दे ना? पुसेल ती. बसते, बसते मी. या खुर्च्या घडीच्या आहेत होय — एकदा बसताना मिटली तर काय शोभा, आधीच माझी कमी नाहीये.

तर ते इंग्रजीचं पुस्तक. नाव नाहीये माझं मुखपृष्ठावर, आत दुसऱ्या पानावर आहे, बारीक, कागदाच्या कारखान्याच्या नावाच्या वर — स्वाध्याय आणि उदाहरणे, आणि पुढे मी. म्हणजे नियम दुसऱ्याचे, वाक्यं माझी. घरी बसून करता येण्यासारखं काम, मूल लहान, म्हणून घेतलं. पण सासूबाईंनी त्या एका बारीक ओळीचं काय केलं विचारा. पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर शिवलं — चिकटवलं नाही, शिवलं, मशीनवर, काठाला फीत लावून. दंतवैद्याला दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवलं, त्यांनी चष्मा नाही म्हटल्यावर चष्मा आणायला लावला. आणि मग तुमच्याकडे येऊन म्हणाल्या असतील ना, "हेच पुस्तक लावा, माझ्या सुनेचं आहे"? हो, मला वाटलंच. बारा जणींसाठी बारा प्रती त्यांनीच उचलून आणल्या, त्या गुडघ्यांनी, हा जिना चढून. आता सांगा, अशा बाईला मी कुठल्या तोंडानं सांगू की आई, तुम्ही वर्गाला जा, पण गुरुवारी तेवढं जाऊ नका.

दोष माझा नाही — म्हणजे माझाच आहे, पण सुरुवात माझी नाही. संपादक म्हणाले, वाक्यं जिवंत हवीत. मुलगा शाळेत जातो, सूर्य उगवतो, असली छापील नकोत, घरातली बोलती वाक्यं हवीत. आणि धडा कुठला दिला? तर ज्या क्रियापदांच्या पाठोपाठ दुसरं क्रियापद आयएनजी लावूनच येतं, टू लावून चालत नाही, त्यांचा. तुम्ही शिकवता, तुम्हाला सांगायला नको, पण मॅडम, ती यादी कधी नीट बघितलीत? टूवाली कशी, प्रॉमिस, होप, डिसाइड, प्लॅन — सगळी स्वच्छ इस्त्रीची, लग्नाआधीची क्रियापदं. वचन देतो, आशा करतो, ठरवतो. आणि आयएनजीवाली? अव्हॉइड. पोस्टपोन. डिनाय. अ‍ॅडमिट. रिस्क. टाळलं, पुढे ढकललं, नाकारलं, कबूल केलं, धोका पत्करला — ही काय भाषा शिकवायची यादी आहे? ही तर संसाराची यादी आहे. मी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून बसले, समोर घर होतं, घरात माणसं होती, आणि वीस वाक्यं हवी होती. बसल्या बैठकीला चौदा झाली. इतक्या झरझर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

वाचून दाखवते. नको? नाही, वाचूच द्या, म्हणजे कळेल मी का आले ते. एक — ग्रँडमदर एन्जॉइज फाइंडिंग डस्ट. आजीला धूळ शोधून काढायला फार आवडतं. खोटं नाहीये. फ्रिजच्या डोक्यावर, मॅडम. उंची बघा त्यांची आणि फ्रिजची बघा. स्टुलावर चढून शोधतात, आणि बोट दाखवतात मला, नुसतं बोट. चार — ग्रँडमदर कीप्स टेलिंग व्हिजिटर्स, की त्यांनी तीन मुलं वॉशिंग मशीनशिवाय वाढवली. जसं काही मी आमची मशीनमध्ये घालून वाढवतेय. सात — फादर अव्हॉइड्स टेकिंग साइड्स. हे आमच्या घरातलं सगळ्यात खरं वाक्य. मी आणि सासूबाई एका खोलीत जरा मोठ्यानं बोललो की या माणसाला दुकानातून काहीतरी आणायचं आठवतं. आमच्याकडे आत्ता सात टॉर्च आहेत. आठ — ग्रँडमदर सजेस्टेड मूव्हिंग द सोफा. हे साधं आहे. नऊ — मदर कान्ट हेल्प लिसनिंग अ‍ॅट द डोअर. हो, दाराला कान लावणारी मदर मीच. हसताय तुम्ही. हसा. मीही लिहिताना हसले होते, एकटीच, टेबलाशी, आणि आतल्या खोलीतून त्यांच्या शिवणाच्या मशीनचा आवाज येत होता, घर्र करून, आणि मला वाटत होतं, लिही बाई, त्यांना कुठे इंग्रजी वाचता येतंय.

पण हे चालेल. खरंच चालेल. धूळ, सोफा, वॉशिंग मशीन — यावर त्या चिडतील, दोन दिवस माझ्याशी मुलीमार्फत बोलतील, "तुझ्या आईला विचार मीठ कुठंय," आणि तिसऱ्या दिवशी शेजारी जाऊन सांगतील की सुनेच्या पुस्तकात मी आहे. त्यासाठी नाही मी जिना चढून आले. मला सतराव्याची भीती आहे.

तुम्ही कसं करता वर्गात? एकेकीला उभं करून एकेक वाक्य, डावीकडून, रांगेनं — बरोबर? सासूबाईंनी सांगितलंय. मी घरी कागदावर बारा खुर्च्या काढल्या. पाचवी त्यांची. म्हणजे पाचवं वाक्य त्यांना, मग फेरी पूर्ण झाली की बारा आणि पाच सतरा. सतरावं वाक्य नेमकं त्यांच्याच वाट्याला. मग म्हटलं, मॅडमना सांगू, आज दाराकडून सुरू करा, गंमत म्हणून. तर दाराकडून त्या आठव्या. आठवं सोफ्याचं, ते ठीक — पण आठ आणि बारा वीस. आणि विसावं सतराव्याहून वाईट आहे. मधूनच कुठून तरी सुरू करा म्हणावं तर तुम्ही विचारणार का, आणि का विचारलंत की मला सांगावं लागणार, आणि तुम्ही आत्ता तसंच बघताय माझ्याकडे.

सतरा. मदर डिनाइड टचिंग द सिझर्स.

झालं. एवढंच वाक्य आहे. आईनं कात्रीला हात लावल्याचं नाकारलं. यात काय एवढं, असं तुम्हाला वाटतंय. त्यांना वाटणार नाही. आणि इंग्रजी येत नसलं तरी सिझर्स हा शब्द त्यांना तुमच्या-माझ्याआधीपासून येतो, शिवणाच्या मासिकांतून — सिझर्स, थ्रेड, बटण, एवढं इंग्रजी त्यांचं पहिल्यापासून पक्कं आहे.

आता सांगायलाच हवं. तू काढ गं चित्र, इकडे लक्ष नको. मॅडम, त्या शिंपीण. चाळीस वर्षं लोकांचे कोट, फ्रॉक, पडदे शिवले. त्यांची एक मोठी कात्री आहे, कापडाची, लोखंडी, वजनदार, मुठीला लाल दोरा बांधलेला. लाल दोरा म्हणजे कागदाला लावायची नाही. घरात आल्यावर मला पहिली गोष्ट तीच सांगितली त्यांनी, गॅसचा नळ कुठे ते नंतर. कागदानं धार जाते म्हणे. मला वाटायचं, काहीतरीच. तर जानेवारीत हिला शाळेत जिराफ न्यायचा होता, पुठ्ठ्याचा. त्याच दिवशी. आणि हे मला कधी कळलं, तर निघायच्या आधी चाळीस मिनिटं. स्वयंपाकघरातली कात्री त्या पुठ्ठ्यातून जाईना, तो खोक्याचा पुठ्ठा, जाड, आणि जिराफाला मान हवी, मान सरळ हवी, ही रडायला लागलेली — आणि सासूबाई आंघोळीला गेलेल्या. घेतली मी कात्री. मान अशी सुरेख कापली गेली म्हणून सांगू, लोण्यासारखी, आणि पायाशी आले तर कट्. पुठ्ठ्यात पिन होती. पात्याला खाच. एवढीशी, तांदळाएवढी, पण बोट फिरवलं की लागते.

मग त्या वेळी शहाण्या माणसानं काय करायचं? तुम्ही काय केलं असतंत? दार उघडायची वाट बघायची आणि म्हणायचं, आई, चूक झाली. मी काय केलं? कात्री नेऊन त्यांच्याच मोज्यांच्या खणात घातली. का घातली, मला आजही सांगता येणार नाही. हातात होती, पावलं वाजली, समोर खण होता. दोन दिवस शोधत होत्या. मीही शोधत होते त्यांच्याबरोबर, मॅडम, पलंगाखाली, गुडघ्यावर बसून, टॉर्च घेऊन. तिसऱ्या दिवशी त्यांना मोज्यांत सापडली. घेऊन आल्या माझ्याकडे, नुसती धरून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "ही इथे कशी गं गेली?" आणि मी म्हटलं — अगदी मऊ आवाजात म्हटलं, त्याची जास्त लाज वाटते — म्हटलं, "तुम्हीच ठेवली असेल आई. परवा सर्दीचं औषध घेऊन झोपेत होतात ना तुम्ही." आणि खाच? "जुनी झाली आता ती." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल. विसरले असेन." आणि गेल्या आत.

तिथून सुरू झालं. माझ्या त्या एका वाक्यानं — त्या दिवसापासून त्या विसरायला लागल्या. आधी मला वाटलं, योगायोग. पण मग बघा ना, हिला चॉकलेट देऊ नका म्हणून सांगितलं, दिलं, म्हणाल्या, "तू सांगितलं होतंस? आठवत नाही." तीनदा. सोफा मी परत जागेवर आणला, त्यांनी पुन्हा खिडकीशी नेला, "तिथेच होता ना तो?" माझी बहीण जेवायला येणार होती त्या दिवशी त्या मैत्रिणीकडे जाऊन बसल्या, सगळा स्वयंपाक माझ्या गळ्यात. एकदा मी करपलेलं पातेलं घासत होते, तर दारात उभं राहून हिला विचारतात, "ही बाई कोण गं?" आणि ही कार्टी हसली. फिदीफिदी हसली. मी इतकी रागावले हिला — आजीच्या आजाराला हसतेस, लाज नाही वाटत? बोलायला मी मोकळी. लाज कोणाला वाटायला हवी होती ते भांड्याला माहीत. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्यात त्यांनी, मीठ, साखर, साबण. एक दिवस पर्स टेबलावर उघडी टाकून गेल्या होत्या, त्यात वरच कागद — स्वतःचं नाव, घराचा पत्ता, आणि खाली माझा फोन नंबर. मुलाचा नाही हो. माझा. मी तो कागद होता तसा ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

आणि शिवण थांबवलं, ते पुस्तकाचं कव्हर शेवटचं. त्या मशीनवर चादर घातलीय. म्हणाल्या, माप विसरले तर लोकांचं कापड वाया जाईल, लोकांनी काय करायचं. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी शंभर प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं बरोबर आली, तरी डॉक्टर म्हणाले, वय आहे, डोक्याला नवीन काम द्या, काहीतरी शिकवा. मी म्हटलं, आई, गाणं शिका. चित्रकला शिका. तर म्हणतात, "छे, सुनेचं पुस्तक आहे घरात, इंग्रजीच शिकते." आल्या तुमच्याकडे. आणि इथलं मात्र काही विसरत नाहीत, तुम्हीही सांगितलंत ना मगाशी, वर्गात सगळ्यात पुढे त्याच. त्याचं मला किती बरं वाटायचं — आणि मग परवा लक्षात आलं की त्या ज्या वेगानं पुढे चालल्यात ते कुठे चालल्यात. सतराव्याकडे.

तुम्ही विचाराल, लिहायचंच कशाला ते. मलाही तेच कोडं आहे. चौदा वाक्यं झाली होती आणि सहा उरली होती, त्यातली दोन ओढूनताणून केली, आणि उरली ती कुठली, तर हीच — डिनाय, अ‍ॅडमिट, रिग्रेट, रिस्क. तोच जिराफाचा आठवडा. दुसरं काही डोक्यात येईना. चोरानं बँक लुटल्याचं नाकारलं असं लिहिलं, खोडलं. डोक्यात कात्रीच. मग लिहून टाकलं. सतरा, आईनं हात लावल्याचं नाकारलं. अठरा — मदर शुड अ‍ॅडमिट कटिंग द जिराफ. तुम्हाला छपाईची चूक वाटली असेल ती, जिराफ कशाला मध्येच. एकोणीस, रिग्रेट आहे, ते नाही वाचत. आणि वीस — मदर कान्ट रिस्क टेलिंग हर. सांगण्याचा धोका आईला पत्करता येत नाही. संपादकांना फार आवडली ही चार. म्हणाले, गोष्ट आहे हो यात. मला वाटलं, कुठेतरी लिहिलं म्हणजे सांगितल्यासारखंच झालं. छापलंसुद्धा. आणखी किती कबूल करायचं माणसानं?

सांगून टाका म्हणताय. तुमच्या चेहऱ्यावर तेच आहे केव्हापासूनचं. चाळीस वेळा ठरवलंय हो. बघा, डिसाइड — टूवालं. ठरवण्यापर्यंत माझं सगळं छान असतं. काल सकाळी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. त्या पलंगावर बसून धडा वाचत होत्या, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. वर बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं, काही सांगायचंय?" आणि मी म्हटलं, "चहा घेणार का?" कारण सांगितलं तर काय होईल? एक तर त्यांना कळेल की त्यांचं डोकं शाबूत होतं आणि सुनेनं सहा महिने त्यांना वेडं ठरवलं. मग त्या थोरल्या जावेकडे जातील, आणि जाताना ते पुस्तक ठेवून जातील टेबलावर, कव्हरसकट — मला तेच दिसतं सारखं, ते शिवलेलं कव्हर. आणि नाही सांगितलं तर? तर एक धडधाकट बाई पर्समध्ये स्वतःचा पत्ता घेऊन हिंडत राहील, माझ्यामुळे. आणि त्याहून वाईट सांगू? कधी कधी मला वाटतं, खरंच विसरत असतील. म्हणजे मग माझा दोष नाही. असं वाटतं मला. असली आई आहे ही मुलीची, आणि तिला रोज सांगते, खोटं बोलू नये. जिराफाच्या दिवशीही सांगितलं. "तू काही बघितलं नाहीस हं," म्हटलं आणि लगेच पुढे, "आणि खोटं कधी बोलायचं नाही."

तर एवढंच मागणं आहे. बारावा घ्या आज. पुढच्या गुरुवारपर्यंत मी सांगेन त्यांना, नक्की, किंवा ते पान — पान फाडता येणार नाही ना बारा पुस्तकांतलं? नाही, विचारलं आपलं. घड्याळ पुढे आहे का हे तुमचं? म्हणजे दहाच मिनिटं राहिली, त्या वेळेच्या आधीच येतात, मला इथे बघितलं तर काय सांगू — काय गं? ओढू नकोस ओढणी, मोठी माणसं बोलतायत ना. झालं चित्र? मग पूस. थांबा हं मॅडम, ही ऐकत नाही. तुला म्हटलं होतं ना, इकडे लक्ष देऊ नकोस म्हणून. बरं, बोल. कानात नको, मॅडमसमोर कानात बोलू नये, सरळ बोल काय ते.

"आजी काही विसरत नाही, आई. मी तिला जिराफाच्या दिवशीच सांगितलं होतं. ती म्हणाली, तुझी आई आपणहून येऊन सांगेल ना, तोपर्यंत आपण विसरायचं. पण तू तर आता बाईंना सांगितलंस, आजीला नाही. मग आजीनं अजून विसरायचंच ना?"